शरीर बरें झालें, मनाचें काय?

मनुष्याचें शरीर धड असलें म्हणजे तो निरोगी झाला काय? पुष्कळ जण होय म्हणतील. आमच्या धाराशिव जिल्ह्यानें निराळें पाहिलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे झालेल्या भूकंपानें येथील सास्तूर व शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील किल्लारी अशीं कित्येक गांवें उद्ध्वस्त झालीं. पुढें मोडलेलीं हाडें जुळलीं, नवीं घरें उभीं राहिलीं. परंतु ज्यांचीं मुलेंबाळें मातींत गेलीं, त्यांची गेलेली झोंप घरासोबत परत आली नाहीं. झोंप गेली कीं भूक मंदावते, आणि मग शरीरही खचतें.

वाचकहो, शरीर व मन हे एकाच जुंवाखालचे दोन बैल होत. एक लंगडला कीं ओझें दुसऱ्याच्या मानेवर येतें. म्हणून दुःखी मनुष्यास “मन घट्ट कर” एवढेंच सांगणें, हें मोडक्या पायाच्या मनुष्यास “चाल” म्हणण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें. त्याजजवळ बसावें, त्याचें ऐकावें, त्यास दोन घांस खावयास लावावे, व दवाखान्यांत त्याजसोबत जावें. सरकारच्या टेलिमानस सेवेंत १४४१६ ह्या क्रमांकावर २०२२ सालापासून फुकट सल्लाही मिळतो. ज्वर आल्याची आपण लाज धरीत नाहीं. मग मनाच्या दुखण्याची कां धरावी?