रेवसला ठेवलेलं जाळं

जून-जुलैत करंजाच्या कोळीवाड्यात होड्या वर ओढलेल्या असतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी. बाहेरच्याला वाटतं, कोळी बसून आहेत. ओटीवर डोकावलं तर मांडीवर जाळं पसरून बसलेला म्हातारा दिसतो. नारळी पौर्णिमेनंतर दर्यावर जायचं, तर जाळं आत्ताच बोटांखालून घालायला हवं. भोक भर दर्यात सापडलं, तर तोवर मासळी गेलेली असते.

अशाच एका म्हाताऱ्याचा मुलगा न्हावा-शेवा बंदरात क्लिअरिंगचं छोटं ऑफिस चालवायचा. २८ जून २०१७ च्या रात्री तो भिजून घरी आला आणि न जेवताच बापाशेजारी बसला. बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहातलं ते टर्मिनल. आदल्या दिवशी नॉटपेट्या नावाच्या मालवेअरनं कंपनीचं जगभरातलं नेटवर्क पाडलं होतं. कुठला कंटेनर कुठे आहे आणि कुणाला द्यायचा, हे सांगणारे कॉम्प्युटरच मुके झाले. मुलाला तर आपल्या गिऱ्हाइकांच्या कंटेनरचे नंबरही सांगता येईनात. ते रोज कंपनीच्या वेबसाइटवर बघायची सवय. कागदावर एक ओळ नव्हती.

"नशीबच फुटकं, बाबा."

म्हाताऱ्यानं जाळं कंदिलाखाली ओढलं. "हे भोक बघ. कडा कुरतडलेल्या आहेत, म्हणजे उंदीर. आणि हे लांबट, दोरे ताणून तुटलेत. खडकाला अडकलं होतं. उंदराचं भोक नुसतं शिवलं, तर उद्या त्याच्या बाजूला दुसरं पडणार. फाटलं कशानं ते आधी बघायचं, सुई मागनं धरायची. तू नशीब म्हणतोस, पण भोक कुठं बघितलंस?"

मुलगा गप्प राहिला. पुढे मर्स्कची हकिकत बाहेर येत गेली, तसतशी ती तो मन लावून वाचू लागला.

हे विष युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलं होतं. ते ज्या फटींतून पसरलं, त्यातली एक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच दिली होती. पण एकदा आत आलं की ते कॉम्प्युटरच्या मेमरीतले पासवर्ड चोरून दुरुस्त केलेल्या मशीनवरही जायचं. म्हणून नेटवर्कचे कप्पे पाडलेले हवेत. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी होडी तरंगली पाहिजे. मला या हकिकतीत सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पुढेच आहे. कंपनीतल्या जाणत्यांनी कप्प्यांची ही उणीव आधीच दाखवली होती. २०१६ मध्ये सुधारणेला मंजुरी मिळाली, पैसेही मिळाले. पण ते काम पार पाडण्यावर वरिष्ठांच्या कामगिरीचं मोजमाप होत नव्हतं, म्हणून ते मागे पडत राहिलं. भोक दिसलं होतं, सुई-दोरा हाताशी होता आणि दर्या शांत होता.

नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं झालं. पण कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी ते झाकलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये दावोसला त्यांनी जगासमोर सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले, आणि सुरक्षेत आपण सरासरीच होतो. एवढ्या मोठ्या माणसानं आपलं फाटलेलं जाळं चारचौघांत पसरून दाखवावं, याला मी धाडस म्हणतो. त्यातून इतरांना आपली भोकं शोधता आली.

मुलानं बापाला घानाची गोष्टही सांगितली. नेटवर्कवर कोण कोण आहे याची नोंद ठेवणारे कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या नकला सांभाळायचे. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. विष आलं आणि सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो फक्त घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. त्याच्या डिस्कवरची माहिती माणसांनी हातोहात विमानानं इंग्लंडला नेली.

म्हाताऱ्याची सुई थांबली. "माझंही असंच झालं होतं. तू पाळण्यात होतास. दोन्ही जाळी एकाच माळ्यावर ठेवली, आणि उंदरांनी एका पावसाळ्यात दोन्ही खाल्ली. अख्खा मोसम दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेलो. तेव्हापासून एक जाळं रेवसला तुझ्या आत्याकडे असतं. त्यांची वीज गेली म्हणून ते वाचले. मी दर वर्षी तरीत बसून जाळं पोचवून येतो."

मुलानं एक वही केली. काय बिघडलं, कशानं, आणि कोणतं काम कुणी कोणत्या तारखेपर्यंत करायचं, असे रकाने आखले. पहिली नोंद स्वतःच्याच चुकीची केली. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा झाला. हिशेबाचं मशीन बाकीच्यांपासून तोडलं. महिन्यातून एका शनिवारी सगळे कॉम्प्युटर बंद ठेवून कागदावर काम करायचं ठरलं. पहिल्या शनिवारी पोरं कावली, तिसऱ्याला सरावली. आणि दर आठवड्याला सगळ्या नोंदी एका हार्ड डिस्कवर उतरवून, ती काढून कपाटात कुलूपबंद.

दोन पावसाळ्यांनी म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "ती तुझी डबी उघडून बघतोस ना? मी आत्याकडचं जाळं दर वर्षी अंगणात पसरतो. ठेवलेलं जाळंही कुजतं."

मुलानं ती कधीच उघडून पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन त्यानं डिस्क एका वेगळ्या मशीनला लावली. पहिले दोन फोल्डर उघडले. तिसरा, मार्च महिन्याचा, उघडेना. त्यानं वही पुढे ओढली, तारीख घातली आणि 'कशानं' या रकान्यावर पेन टेकवून मार्चमध्ये काय काय घडलं होतं ते आठवू लागला.