शिष्यवृत्तीचं ऋण कुणाचं?

२०२२ साली चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या झळकल्या. कोरपना तालुक्यातल्या लखमापूरच्या शेतकरी घरातले ॲड. दीपक चटप यांना ब्रिटिश सरकारची चेव्हेनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडनच्या सोआस विद्यापीठात निघाले. गडचिरोलीचे ॲड. बोधी रामटेके यांची युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीसाठी निवड झाली. दोघेही ‘पाथ’ या संस्थेत एकत्र काम करणारे. पावसाळ्यात पाण्याने वेढल्या जाणाऱ्या वेंगनूरसारख्या गावांचं गाऱ्हाणं नागपूर खंडपीठापर्यंत नेण्यात या तरुण वकिलांचा हात होता. दोन्ही शिष्यवृत्त्यांत विद्यापीठाची फी, प्रवास, राहणं-खाणं सगळं आलं. घरच्यांच्या खिशाला हात लावायचा नाही.

एक फरक मात्र होता. चेव्हेनिंग घेणाऱ्याने शिक्षण संपलं की मायदेशी परतून किमान दोन वर्षं राहायचं असतं. इरॅस्मस मुंडसला तशी अट नाही. म्हणजे एकाला करारानं परत यायचं होतं आणि दुसऱ्याला जगाची दारं उघडी होती. मग ज्याच्यावर अट नाही त्याच्यावर काहीच देणं उरत नाही का? ज्याच्यावर आहे त्याचं देणं दोन वर्षांत फिटतं का? लखमापुरात किंवा गडचिरोलीत कुणालाही विचारा, दोन्ही प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असंच येईल. तेव्हा हे देणं करारातून जन्माला येत नाही. ते येतं कुठून, हा खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे आणि जंगलातल्या या दोन जिल्ह्यांत त्याला पोटाची धार आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला पहिलं तयार उत्तर ऋणाचं. तैत्तिरीय संहितेत म्हटलं आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो. ऋषींचं ब्रह्मचर्याने फेडायचं, देवांचं यज्ञाने, पितरांचं संततीने. शतपथ ब्राह्मणाने त्यात माणसांचं चौथं ऋण घातलं, ते आतिथ्याने फिटतं. विचार मोठा आहे, कारण माणूस एकट्याच्या बळावर उभा राहत नाही हे त्यात पहिल्याच पावलाला मान्य आहे. पण ऋषींचं ऋण ज्ञान घेऊन फेडायचं असेल, तर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ज्ञान घेऊच दिलं नाही त्यांचं काय? त्यांच्या नावावर कर्ज तरी कोणतं मांडायचं? ऋणाच्या या वहीत त्यांचं पानच नव्हतं.

हे पान ज्यांनी उघडलं, त्यांचीच शिष्यवृत्तीची गोष्ट या बाबतीत सर्वात बोलकी आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परतल्यावर संस्थानाची दहा वर्षं नोकरी, असा लेखी करार. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यात हजरही झाले. कचेरीत शिपाई फायली दुरून टेबलावर टाकत. राहायला घर मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. दहा वर्षांचा करार पुरा होणं शक्यच नव्हतं. जो समाज कर्जदाराला छप्पर देत नाही, त्याने त्याच्याकडे हप्ता कोणत्या तोंडाने मागायचा?

आणि तरीही १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा तो त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला, शिक्षणात केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून. करार मोडला होता, कृतज्ञता मोडली नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या एका अर्पणपत्रिकेने जितकं स्वच्छ सांगितलं, तितकं नीतिशास्त्राच्या जाड पुस्तकांतूनही क्वचितच हाती लागतं.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने परदेशी पाठवायची तरतूद करवून घेतली. शिकलेल्यांकडून आपली निराशा झाली, ही व्यथा मार्च १९५६ मध्ये त्यांनी आग्र्याला बोलून दाखवली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. चंद्रपूरच्या त्या दीक्षाभूमीवर आज त्यांच्या नावाचं महाविद्यालय भरतं. बॅरिस्टर होऊन परतलेले आणि १९६९ मध्ये राज्यसभेचे उपसभापती झालेले राजाभाऊ खोब्रागडे याच शहराचे.

दीक्षाभूमीच्या या बौद्ध धर्मात ऋणाचा विचार वेगळा आहे. आपल्या अनाथपिंडिक या शिष्याला बुद्धांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यांतलं एक ऋणमुक्त असण्याचं. ज्याच्या डोक्यावर कुणाचं कर्ज नाही तो सुखी. पण ज्या अंगुत्तर निकायात हे येतं, त्यातच दुसऱ्या ठिकाणी म्हटलं आहे की जगात दोन माणसं दुर्मिळ: आपणहून आधी उपकार करणारा, आणि केलेला उपकार जाणून तो कृतीत उतरवणारा. कर्जाचं ओझं नको, पण जाणीव हवी. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलामुलींच्या मानेवर ‘सरकारने तुझ्यावर इतके लाख खर्चले’ हे जोखड ठेवणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यायला हवा. जोखडाखाली वाकलेला माणूस परत येतो तो वेळ भरायला.

तिसरा विचार ग्रंथांत नाही, भामरागड-एटापल्लीच्या माडिया गावांत आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी आंबा झाडाला लटकतो, पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण मरका पंडुम हा सण होईपर्यंत नव्या आंब्याला कुणी तोंड लावत नाही. पंडुमाच्या दिवशी पहिली फळं गावाबाहेर देवाच्या जागी जातात. पेरमा म्हणजे गावचा पुजारी ती जमिनीला आणि पूर्वजांना वाहतो. मग गाव एकत्र बसून खातं, आणि त्यानंतरच ज्याच्या त्याच्या घरी आंब्याच्या फोडी पडतात. नव्या धान्यालाही असाच नेम. आंबा कुणी लावलेला नसतो, त्यामुळे त्याचं कर्ज कुणाचं नाही. पण तो एकट्याचाही नाही. आधी सगळ्यांचा मान, मग आपली भूक.

शिष्यवृत्तीकडे पाहण्याची याहून नेमकी रीत सापडणं कठीण. कारण ‘सरकारचा पैसा’ म्हणतात तो शेवटी कुठून येतो? चंद्रपूरच्या कोळशातून, कोरपना-राजुऱ्याच्या चुनखडीतून, सूरजागडच्या लोखंडातून, आलापल्लीच्या सागातून. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची २,९२० मेगावॅट क्षमता राज्यभरचे दिवे पेटवते आणि राख मात्र इथल्या अंगणात पडते. इथल्या मुलीला परदेशी शिकायला राज्याने किंवा केंद्राने पैसे दिले तर तो उपकार म्हणायचा कसा? तो तिचा वाटा आहे, उशिरा आलेला.

ब्रिटिश सरकारच्या पैशाबद्दल तर हा प्रश्न अधिकच टोचतो. केंट परगण्यातल्या एका जुन्या हवेलीवरून ज्या शिष्यवृत्तीचं नाव पडलं, ती देणाऱ्या सरकारच्याच राजवटीने २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या वीर बाबुराव शेडमाकेंना फाशी दिलं. म्हणून इथल्या मुलांनी ती नाकारावी, असं मुळीच नाही. उलट ताठ मानेने घ्यावी. कृतज्ञता शिकवणाऱ्या प्राध्यापकांबद्दल असावी, ग्रंथालयाच्या खुल्या कपाटांबद्दल असावी. साम्राज्याच्या औदार्याबद्दल असण्याचं कारण नाही.

वाटा मानला की परत येण्याचा प्रश्नही वेगळा दिसू लागतो. अभय आणि राणी बंग १९८४ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळाची काळजी गावातल्याच बाईच्या हाती द्यायची, हे त्यांचं काम. श्वास मोजणं, बाळ उबदार ठेवणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं, हे सारं या बायका आरोग्यदूत म्हणून शिकल्या, आणि या कामाच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. परदेशी मिळालेली पद्धत इथल्या बायकांच्या हातात गेली; पंडुमाच्या रीतीने पाहिलं तर पहिला घास गावाला पोचला.

कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी यांचा रस्ता निराळा. पावसाळ्यात घरात अन्न नसे तेव्हा मोहफुलं शिजवून खाल्लेलं बालपण, आश्रमशाळा, गडचिरोलीत पदवी, मिशिगनमध्ये पीएचडी आणि पुढे अमेरिकेतच आरएनएवर आधारलेल्या औषधांचं संशोधन. ते तिकडेच राहिले म्हणून त्यांनी वाटा बुडवला असं कुणी म्हणेल का? प्रत्येक माणूस गावात येऊन बसला तरच ज्ञान गावाचं होतं, असा हट्ट धरला तर ज्या विषयाची प्रयोगशाळा गडचिरोलीत नाही, तो विषय आदिवासी मुलांनी शिकूच नये असं होईल. देहाने परतणं ही एक रीत झाली. चिरचाडीच्या पुढच्या पोराला हा रस्ता आहे हे कळणं, त्याला अर्ज लिहायला हात मिळणं, हीसुद्धा वाटपाचीच रीत आहे. चेव्हेनिंगच्या अर्जात नेतृत्व, संपर्क, अभ्यासक्रम आणि पुढचं काम यांवर इंग्रजीत चार निबंध लिहावे लागतात. ज्याने पूर्वी ते लिहिले, त्याची एक संध्याकाळ इथे फार मोलाची ठरते.

आणि वाटा मानला की देणाऱ्यालाही प्रश्न विचारता येतात. केंद्राच्या आदिवासी विकास मंत्रालयाची परदेश शिष्यवृत्ती साऱ्या देशात दरवर्षी २० जणांना मिळते. त्यांत विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी जागा ३. महाराष्ट्रात या गटात माडिया, कोलाम आणि कातकरी येतात, आणि देशभरच्या अशाच गटांशी त्यांना त्या तीन जागांसाठी झगडायचं असतं. सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन मजुरांच्या मुलांसाठीच्या योजनेत २०२२ मध्ये नवीच अट घातली: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि इथला समाज हे विषय परदेशात अभ्यासायचे नाहीत. म्हणजे दीक्षाभूमीच्या सावलीत वाढलेल्या मुलीला १६ ऑक्टोबर १९५६ ने तिच्या आजीचं आयुष्य कसं बदललं, यावर लंडनमध्ये प्रबंध लिहायचा असेल, तर तिच्याच वाट्याच्या पैशातून तिला तो लिहिता येणार नाही. कशावर लिहायचं ते तिनं ठरवायला हवं, आणि ही अट मंत्रालयाने काढून टाकायला हवी.