शतावरी, कायदा आणि स्त्रीची इच्छा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसरा अध्याय वाजीकरणाचा आहे. वाजीकरण म्हणजे पुरुषाची मैथुनशक्ती, शुक्र आणि अपत्यप्राप्तीची क्षमता वाढवणारी चिकित्सा. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी ते एक अंग असून, चार पादांत विभागलेल्या या अध्यायात दूध, तूप, उडीद, मांसरस, मध, पिंपळी यांपासून करावयाच्या कितीतरी योगांच्या कृती दिलेल्या आहेत. त्या कृतींच्या आधी चरक जे सांगतो ते आजच्या वाचकाने सावकाश वाचावे असे आहे: वाजीकर गोष्टींमध्ये सर्वांत श्रेष्ठ म्हणजे मन प्रसन्न करणारी स्त्री. तिचे रूप, वय, स्वभाव, कलागुण यांचे वर्णन एखाद्या वनस्पतीचे गुणधर्म सांगावेत तितक्याच तपशिलाने येते. या अध्यायात स्त्री आहे ती औषधांच्या यादीत. रुग्णाच्या जागी ती नाही.

स्त्रीची दुखणी चरकाने तिसाव्या अध्यायात घेतली आहेत. तेथे योनिव्यापद या नावाखाली वीस विकार मोजले असून वेदना, स्राव, पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व यांचा बारकाईने विचार केला आहे. कोवळ्या वयातील मुलीशी समागम झाल्याने पाठ, कंबर आणि मांड्या यांत वेदना निर्माण करणारी 'प्राक्चरणा' ही स्वतंत्र व्याधी मानण्याइतकी त्या वैद्याची नजर शाबूत होती, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र स्त्रीला समागमाची इच्छा नसणे ही गोष्ट या वीस विकारांत ठळकपणे दिसते ती 'षण्ढी' या प्रकारात, आणि ही षण्ढी पुरुषांचा द्वेष करणारी, स्तन न वाढलेली, बीजदोषाने जन्मलेली आणि म्हणून असाध्य ठरवलेली आहे. शतावरीच्या रसात सिद्ध केलेले तूप याच अध्यायात सांगितले आहे, पण त्याचे प्रयोजन योनिविकार बरे करणे आणि गर्भ राहणे हे आहे. स्त्रियांची कामेच्छा वाढवणारी म्हणून आज विकल्या जाणाऱ्या डब्यांवर 'प्राचीन परंपरेचा वारसा' असे छापलेले असते, तेव्हा त्या परंपरेने हा प्रश्न मुळात हाती घेतला होता का, हे कोणी विचारत नाही. त्या काळी स्त्रीच्या सुखाची जाणीवच नव्हती असे मात्र नाही. वात्स्यायनाने कामसूत्रात स्त्रीला मिळणारे सुख पुरुषाच्या सुखासारखे असते की वेगळे, यावर पूर्वाचार्यांचे मतभेद मांडून आपला पक्ष दिला आहे. औषधी योगांसाठी त्याने शेवटचे अधिकरण राखून ठेवले, आणि ज्यांच्या परिणामाविषयी शंका आहे किंवा ज्यांनी शरीराला इजा होते असे उपाय करू नयेत, असा इशाराही तेथेच दिला. हा इशारा मात्र कोणत्याही वेष्टनावर उतरलेला नाही.

महाराष्ट्रात शतावरीची ओळख बाळंतिणीच्या खोलीत होते. शतावरी कल्प म्हणजे शतावरीच्या मुळांचा काढा साखरेबरोबर आटवून, वेलदोडा किंवा केशर घालून केलेले पिवळसर रवाळ चूर्ण. अंगावर दूध भरपूर यावे म्हणून डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि बाळंतशेपा यांच्या जोडीला ते दुधातून दिले जाते, आणि गोड असल्यामुळे घरातली मुलेही चमच्याने पळवतात. याच मुळाचा अर्क कॅप्सूलमध्ये भरला, डबीचा रंग गुलाबी किंवा जांभळा केला आणि त्यावर 'उत्साह', 'हार्मोन संतुलन', 'अंतरंग स्वास्थ्य' असे शब्द घातले, की तो कामेच्छेचा उपाय म्हणून विकता येतो. शतावरीत सॅपोनिन वर्गातील शतावरिन नावाची संयुगे असतात आणि त्यांच्यावर प्रयोगशाळांत बरेच काम झाले आहे. परंतु प्रयोगशाळेतील संयुगापासून माणसाच्या इच्छेपर्यंतचे अंतर फार मोठे आहे, आणि कामेच्छेसाठी शतावरीवर भरवसा ठेवावा इतका पुरावा आजमितीस हाती नाही.

सफेद मुसळीची कथा तर मुंबईच्या उपनगरापर्यंत येऊन पोहोचते. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम असे असून त्यातील बोरिविलियानम हे विशेषण बोरिवलीवरून आलेले आहे. याच कुळातील वनस्पतींची कोवळी पाने पहिल्या पावसानंतर आदिवासी बाया फोडशीची किंवा कुलूची भाजी म्हणून जुड्या बांधून बाजारात आणतात आणि ती चण्याच्या डाळीबरोबर खाल्ली जाते. जमिनीवरची पाने भाजीच्या भावाने जातात आणि जमिनीखालची मुळे 'पौरुषाच्या' नावाखाली कितीतरी पट महाग होतात. हल्ली तीच मुळे स्त्रियांच्या कॅप्सूलमध्येही शिरली आहेत, कारण बाजाराला ग्राहकांची दुसरी निम्मी संख्या सापडली आहे.

पुराव्याच्या दृष्टीने अश्वगंधा आणि मेथी या दोहोंची बाजू थोडी बरी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ५० स्त्रियांपैकी निम्म्यांना अश्वगंधाच्या मुळांचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आठ आठवडे देण्यात आला आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी, परंतु औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, देण्यात आली. मोजमापासाठी १९ प्रश्नांची एक मान्य प्रश्नावली वापरली गेली. इच्छा, उत्तेजना, ओलावा, कामतृप्ती, समाधान आणि वेदना अशा सहा अंगांनी ती गुण देते. अश्वगंधा घेणाऱ्या गटाचे गुण अधिक वाढले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २० ते ४९ वयाच्या ८० स्त्रियांवर मेथीच्या दाण्यांच्या अर्काची, दररोज ६०० मिलिग्रॅम या मात्रेने, चाचणी प्रसिद्ध केली आणि तिचाही निष्कर्ष अनुकूल होता. या चाचण्या खोट्या ठरवण्याचे कारण नाही, पण एका गटात पंचवीस-चाळीस स्त्रिया आणि दोन महिन्यांचा अवधी एवढ्या पायावर लाखो डब्यांची विक्री उभी राहावी, हे शास्त्राच्या शिस्तीत बसत नाही.

या क्षेत्रात प्लासिबोचा वाटा किती मोठा असतो हेही लक्षात घेतले पाहिजे. स्त्रियांच्या कामविषयक तक्रारींवरील औषधचाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये घेण्यात आला, तेव्हा औषध घेतलेल्या गटात जी सुधारणा दिसते तिच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश सुधारणा प्लासिबो गटातही दिसते, असे आढळले. यावरून या स्त्रियांची तक्रार काल्पनिक होती असा अर्थ काढणे हा शुद्ध उद्धटपणा होईल. चाचणीत भाग घेणारी स्त्री आपल्या इच्छेविषयी कदाचित आयुष्यात प्रथमच एखाद्या डॉक्टरशी मोकळेपणी बोलते, घरी त्याची वाच्यता होते, जोडीदार थोडा वेळ देऊ लागतो आणि स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायला तिला एक अधिकृत कारण मिळते. गोळीत काही नसले तरी गोळीभोवती हे सारे घडत असते. कॅनडातील रोझमेरी बासन यांनी २००० च्या सुमारास मांडलेल्या प्रतिमानाचा रोखही असाच आहे. अनेक स्त्रियांच्या बाबतीत इच्छा आधी आणि जवळीक नंतर असा क्रम नसतो. स्पर्श, विश्वास आणि निवांतपणा मिळाल्यावर इच्छा जागी होते. असे असेल तर सकाळी पाण्याबरोबर घेतलेल्या कॅप्सूलने रात्रीच्या इच्छेची सोय लागेल, ही अपेक्षाच चुकीच्या जागी ठेवलेली आहे.

आधुनिक औषधशास्त्रानेही याच जागी ठेच खाल्ली आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील एका पाहणीने ४३ टक्के स्त्रियांना कामविषयक विकार असल्याचे जाहीर केले आणि औषध कंपन्यांनी तो आकडा उचलून धरला. २००८ मध्ये तीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत तक्रारीचे प्रमाण पुन्हा ४३ टक्क्यांच्याच आसपास आले, पण त्या तक्रारीचा खरोखर त्रास होतो का असे विचारल्यावर ते सुमारे १२ टक्क्यांवर उतरले. नैराश्यावरील औषध म्हणून अपयशी ठरलेल्या फ्लिबॅन्सेरिनला दोनदा नकार मिळाल्यावर ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेत स्त्रियांच्या कामेच्छेचे औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याचा लाभ प्लासिबोच्या तुलनेत महिन्याकाठी सरासरी एका समाधानकारक प्रसंगाहूनही कमी होता.

भारतात या व्यवहाराला एका जुन्या कायद्याने विचित्र वळण दिले आहे. 'औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४' याच्या तिसऱ्या कलमाने गर्भपात व गर्भनिरोध, लैंगिक सुखाची क्षमता टिकवणे किंवा वाढवणे आणि स्त्रियांच्या मासिक पाळीच्या तक्रारी दूर करणे यांसाठीच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घातली. हेतू भोंदूंना आवर घालण्याचा होता. प्रत्यक्षात रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग', 'कमजोरी' अशी अक्षरे रंगवणारे पुरुषांचे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, आणि नव्या कंपन्यांनी 'लैंगिक सुख' हे शब्दच टाळून 'वेलनेस'चा आडोसा घेतला. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेण्याऐवजी अन्नपूरक म्हणून नोंदणी केली की 'औषधी उपयोगासाठी नाही' एवढी ओळ बारीक अक्षरांत छापून पुढचे सारे सूचित करता येते. ग्राहकाला नेमके काय सांगितले गेले हे कोणालाच दाखवता येत नाही, म्हणून दाव्याची तपासणीही होत नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले ते असा आडोसा न घेता. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे हे त्यांनी सरळ मराठीत लिहिले, वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरे दिली आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्वे यांना दंड झालाच. मराठी समाजाने माहिती देणाऱ्याला दंड केला आणि डबी विकणाऱ्याला दुकान थाटू दिले, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

डबीकडे वळण्याआधी ज्या गोष्टी पाहायला हव्यात त्या तशा रूक्ष आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि पायऱ्या चढताना धाप लागणाऱ्या स्त्रीच्या निरुत्साहावर शतावरी शोधण्यापूर्वी लोहाची गोळी द्यायला हवी. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, नैराश्यावरील काही औषधे आणि स्तनपानाचा काळ या सर्वांनी इच्छा मंदावते. रजोनिवृत्तीनंतर योनीचा कोरडेपणा आणि त्यामुळे होणारी वेदना यांवर वंगणे व डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचे इस्ट्रोजेनचे मलम असे साधे, परिणामकारक उपाय आहेत. तरी असंख्य स्त्रिया 'आता वय झाले' म्हणून ती वेदना गिळतात. त्यापलीकडे वेळेचा हिशेब आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, तर घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची ९७. शिवाय पत्नीच्या संमतीवाचून झालेला समागम बलात्काराच्या व्याख्येतून वगळण्याचा अपवाद नव्या भारतीय न्याय संहितेनेही कायम ठेवला आहे. जेथे 'नको' या उत्तराला कायद्यात जागा नाही, तेथे 'हवे' न वाटणे हा आजार ठरवून त्याचे औषध स्त्रीलाच घ्यायला लावणे, ही या बाजाराची खरी खोट आहे.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समजही सोडायला हवा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. अश्वगंधामुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत, थायरॉइडच्या औषधांवर तिचा परिणाम होऊ शकतो, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ज्या स्त्रीला या डब्यांपैकी एखादी घ्यावीशी वाटते तिने जरूर विचार करावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी आणि ती डबी डॉक्टरांना दाखवावी, आणि गर्भारपणात किंवा स्तनपानाच्या काळात अश्वगंधा स्वतःच्या मनाने सुरू करू नये.