लागली तर अर्धी तुमची

लोकांचा मटक्याचा नाद सुटावा म्हणून 1969 साली सरकारने महाराष्ट्र राज्य लॉटरी काढली. मला तो नाद नव्हताच. सरकारने दुसरा लावला. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीवर मी दरमहा एक तिकीट घेऊ लागलो.

हिशेब कळत नव्हता असे नाही. समजा, रुपयाची एक लाख तिकिटे खपली आणि साठ हजारांची बक्षिसे वाटली, तर माझ्या रुपयाची किंमत सरासरी साठ पैसे. पहिले बक्षीस लाखात एकाला. दरमहा एक तिकीट घेतले तर पाळी यायला सरासरी आठ हजार तीनशे वर्षे! आपल्या वेरूळच्या कैलास लेण्याला अजून तेराशेही झालेली नाहीत.

मग उरलेल्या चाळीस पैशांत मी घेत काय होतो? स्वप्न. त्यात गैर काय? चहाचे पैसे परत मिळतील म्हणून कोणी चहा पीत नाही.

त्या स्वप्नात मी फार उदार असे. ऑफिसातल्या शिपाईमामांना सांगूनच ठेवले होते, "मामा, लागली तर अर्धी तुमची!"

एकदा मामांनी मुलीच्या फीसाठी वीस रुपये उसने मागितले. मी म्हणालो, "महिनाअखेर आहे हो, मामा."

मामा हसले. "आता द्या साहेब, माझ्या अर्ध्यातून वळते करून घ्या."

मुकाट्याने वीस रुपये काढून दिले. तिकीट घेणे काही सुटले नाही. फक्त न लागलेल्या बक्षिसाची वाटणी करण्याआधी आता खिसा चाचपून पाहतो.