विरुद्धाहार : निषेध कशावर उभा आहे?

दोन पदार्थ वेगवेगळे खाल्ले तर निर्दोष, पण एकत्र खाल्ले तर अपायकारक, या कल्पनेला आयुर्वेदात विरुद्धाहार म्हणतात. मासळी आणि दूध हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. ‘माशांवर दूध पिऊ नये, अंगावर कोड फुटतं’ हे महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आजही सांगितले जाते. यात वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचाही प्रश्न आहे. दोष माशात नाही, दुधातही नाही. मग तो राहतो कुठे? आणि तो आहे हे कळते कोणत्या प्रमाणाने?

या विषयाची सविस्तर चर्चा चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २६व्या अध्यायात येते. चैत्ररथ वनात वैद्यांची सभा भरली आहे आणि रस किती, यावर वाद चालला आहे. भद्रकाप्य म्हणतो एकच. बाह्लीक देशाचा वैद्य कांकायन म्हणतो, मोजताच येणार नाहीत इतके. आत्रेय सहा रसांचा निर्णय देतो आणि तिथून चर्चा विरुद्ध अन्नाकडे वळते. मासे दुधाबरोबर का खाऊ नयेत, याची आत्रेयाने दिलेली कारणे अशी : दोन्ही रसाने मधुर, पचनानंतर मधुर आणि अतिशय अभिष्यंदी, म्हणजे स्रोतसे चिकट करून अडवणारी, शिवाय दूध शीत आणि मासा उष्ण, म्हणून दोघांचे वीर्य परस्परविरोधी. त्यातून रक्त दूषित होते आणि मार्ग अडतात. भद्रकाप्याला हे सरसकट मान्य नाही. त्याच्या मते चिलिचिम नावाचा एक मासा सोडला तर बाकीचे दुधाबरोबर चालतात. आत्रेय उत्तर देतो की कोणताच मासा चालत नाही, आणि चिलिचिम तर मुळीच नाही. आज पाठ केल्यासारखा सांगितला जाणारा हा नियम त्याच्या मूळ ग्रंथात वादाचा विषय होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

आत्रेयाच्या युक्तिवादात एक कच्चा दुवा आहे. मासा आणि दूध काही बाबतींत सारखे आहेत म्हणून दोष वाढतो आणि एका बाबतीत उलटे आहेत म्हणूनही वाढतो. साम्यही बाधक आणि भेदही बाधक, असे मानले तर कोणत्याही जोडीला दोषी ठरवता येईल. कारण कोणतेही दोन पदार्थ कशात तरी सारखे आणि कशात तरी वेगळे असतातच. म्हणजे गुणांची ही मांडणी निषेधाचे स्पष्टीकरण देते, पण निषेध सिद्ध करत नाही. जिथे रस, वीर्य आणि विपाक (पचनानंतरचा रस) यांवरून परिणामाचा उलगडा होत नाही, तिथे आयुर्वेद ‘प्रभाव’ मानतो. प्रभाव अचिंत्य, तर्काच्या पलीकडचा. सुश्रुताने औषधांच्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या परिणामांविषयी हीच भूमिका घेतली आहे : अंबष्ठादी गणाची द्रव्ये रेचक आहेत असे हजार कारणे देऊन सांगितले, तरी ती रेच घडवणार नाहीत. तर्कापेक्षा अनुभव वरचढ, असा याचा सरळ अर्थ. मात्र हे हत्यार दुधारी आहे. अनुभवाने एखादा निषेध टिकला नाही, तर त्याला अचिंत्य प्रभावाचा आसरा घेता येऊ नये.

चरकाचे खरे तात्त्विक योगदान पदार्थांच्या याद्यांत नाही. विरोधाचे जे १८ प्रकार तो सांगतो, त्यांत ते आहे. संयोग हा त्यांतला केवळ एक प्रकार. देश, काल, अग्नी, मात्रा, सात्म्य, कोठा, अवस्था, खाण्याचा क्रम असे बाकीचे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना दुसरा पदार्थ लागतच नाही. थंडीत थंडगार अन्न कालविरुद्ध. कोरड्या मुलखात रूक्ष आणि तीक्ष्ण अन्न देशविरुद्ध. मनाला न रुचणारे अन्न हृद्विरुद्ध. विमानस्थानातही आहाराचा विचार आठ अंगांनी करायला सांगितला आहे आणि त्यांत शेवटचे अंग ‘उपयोक्ता’, म्हणजे खाणारा माणूस. थोडक्यात, विरोध हा वस्तूचा गुण नसून संबंध आहे, आणि त्या संबंधात जेवणाराही एक घटक आहे. म्हणूनच अपवादही तिथेच दिले आहेत : ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण आहे, व्यायामाने बळकट आहे, ज्याला ते अन्न सवयीने सात्म्य झाले आहे किंवा ज्याने ते अल्पच खाल्ले आहे, त्याला विरुद्ध अन्न बाधत नाही.

हे अपवाद नसते, तर मराठी स्वयंपाकघराची पंचाईत झाली असती. दुधाबरोबर वर्ज्य म्हणून चरक ज्या फळांची यादी देतो, तिच्यात आंबा, फणस, नारळ आणि मोच, म्हणजे केळे, आहे. धान्यांत उडीद, कुळीथ आणि मटकी आहेत. आमरसात दूध घालणारी आणि पाहुणा अवेळी आला की शिकरण करणारी घरे या यादीपुढे पिढ्यान्‌पिढ्या दोषी ठरतात. त्यावर ‘सात्म्य झाले आहे’ हे उत्तर शास्त्रसंमत आहे. पण त्याची किंमतही मोजावी लागते. बाधले तर अन्न विरुद्ध होते आणि बाधले नाही तर सात्म्य झाले होते, अशी सोय असलेले विधान कधीच खोटे ठरत नाही. सात्म्य किती दिवसांत येते, कोणाला येते, हे आधी सांगता आले तरच त्याला ज्ञान म्हणता येईल.

‘एकत्र खाऊ नये’ हे वाक्य धर्मग्रंथांतही आहे, पण तिथे त्याचा पाया निराळा असतो. जैन आचारात न तापवलेल्या दूध-दह्याबरोबर डाळीचा पदार्थ वर्ज्य आहे. अशा मिश्रणात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, अशी श्रद्धा त्यामागे आहे. चिंता पोटाची नसून हिंसेची आहे. ज्यू धर्मात करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीनदा येते आणि तिच्यावरून मांस व दूध यांची पूर्ण फारकत झाली. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांच्या मटणाच्या रश्श्यात म्हणूनच नारळाचे दूध असते. बाराव्या शतकातला मायमोनिडीस तत्त्वज्ञही होता आणि वैद्यही. दुधात शिजलेले मांस जड असते हे त्याने नोंदवले, पण या आज्ञेचा संबंध मूर्तिपूजकांच्या एखाद्या विधीशी असावा, असाही तर्क केला. आरोग्याच्या कारणावर सारा भार टाकणे त्याला पुरेसे वाटले नाही. ते योग्यच होते. आज्ञा म्हणून पाळलेला नियम पोटाच्या तक्रारी होवोत न होवोत, टिकतो. अपायाच्या भयाने पाळलेला नियम अपाय न दिसल्यास सोडावा लागतो.

हिंदू परंपरेत या दोन पायांची गल्लत पुष्कळदा होते. भगवद्गीतेचा १७वा अध्याय सात्त्विक, राजस आणि तामस आहार सांगतो तो चव, ताजेपणा आणि शुद्धता यांवरून. कोणत्याही जोडीचा उल्लेख तिथे नाही. उलट वैद्यक ज्या मध-तुपाच्या जोडीपासून सावध करते, ती जोडी पूजेच्या पंचामृतात असते. निषेध समप्रमाणाचा आहे, म्हणून दोन्ही विषम घ्यावीत, असा मेळ घातला जातो. पण समप्रमाण कसे मोजायचे? मध तुपापेक्षा सुमारे दीडपट जड असतो, त्यामुळे चमच्याने सारखे घेतले तर वजनाने विषम होते आणि वजनाने सारखे घेतले तर मापाने.

युरोप-अमेरिकेत अशी कल्पना विसाव्या शतकात स्वतंत्रपणे पुढे आली. अमेरिकन डॉक्टर विल्यम हॉवर्ड हे यांनी पिष्टमय आणि प्रथिनयुक्त पदार्थ एका जेवणात घेऊ नयेत, असे मांडले. हर्बर्ट शेल्टन यांनी १९५१ च्या पुस्तकातून ते लोकप्रिय केले. प्रथिनाला आम्ल लागते, पिष्टाला अल्कली, म्हणून दोन्ही एकत्र पचत नाहीत, हा त्यांचा आधार. शरीराची रचना मात्र तशी नाही. स्वादुपिंड पिष्ट, प्रथिन आणि स्निग्ध या तिन्हींची पाचके एकाच रसातून लहान आतड्यात सोडते. निसर्गही असा भेद करत नाही. तुरीच्या डाळीत सुमारे २२ टक्के प्रथिन आणि त्याहून कितीतरी जास्त पिष्ट असते. २००० साली स्वित्झर्लंडमधल्या ५४ स्थूल रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सारख्याच उष्मांकांचा आहार सहा आठवडे काहींना अशी विभागणी करून आणि काहींना मिश्र स्वरूपात दिला होता. वजन घटण्यात विभागणीचा काही जास्तीचा लाभ दिसला नाही. दुधात आंबट फळ घातले की ते फाटते, हा आक्षेपही असाच; जठरातले आम्ल दुधाला फाडतेच आणि तिथूनच त्याचे पचन सुरू होते. मासे-दुधाने कोड होते याला आधार मिळालेला नाही. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेतल्या रंगपेशींवर हल्ला करते.

तरीही संयोगातून वेगळाच परिणाम उपजतो ही मूळ कल्पना खरी आहे. शाईछत्री नावाने ओळखता येईल असे एक अळिंब शिजवून खाण्याजोगे असते. त्याबरोबर किंवा नंतरच्या दोन-तीन दिवसांत मद्य घेतले की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. अळिंबातले द्रव्य मद्याच्या विघटनाची एक पायरी रोखते. दोहोंपैकी एकटे कोणीही हे करत नाही. चहातली टॅनिने भाजी-डाळीतले लोह शोषू देत नाहीत, तर लिंबू तेच शोषण वाढवते. जेवणावर लगेच चहा घेणाऱ्या निरोगी पुरुषाला याने फारसा फरक पडत नाही. पंडुरोग असलेल्या गर्भवतीला पडतो, आणि तिने चहा तास-दोन तासांनी घेतला तर हा फरक बराच कमी होतो.