शटरमागचं चित्र

अतुल दोडियांचा विषय निघाला की ‘वेगळ्या माध्यमांत काम करणारा चित्रकार’ हे वर्णन हमखास येतं. लोखंडी शटर, सनमायका, काचेची कपाटं अशी यादी सांगितली जाते आणि कौतुक तिथेच संपतं. हे कौतुक मला अपुरं वाटतं, थोडं अन्यायाचंही वाटतं. आर्ट गॅलरीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की शटरइतकी रोजची वस्तू मुंबईत दुसरी नाही. तिला भिंतीवर आणून टांगणं कुणालाही जमेल. चित्राच्या आत आल्यावर ती वस्तू आपलं मूळचं काम करत राहते की नाही, हे पाहायला हवं. दोडियांच्या उत्तम कामांत ती करते, आणि त्यांचं मोठेपण मला तिथे दिसतं.

दोडिया घाटकोपरचे, जन्म 1959 चा. 1982 मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले आणि 1989 मध्ये केमोल्ड गॅलरीत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. तेव्हाचा त्यांचा हात तैलरंगात वास्तवदर्शी चित्रं काढणाऱ्याचा होता, आणि त्या वाटेवर ते आयुष्यभर सुखाने चालू शकले असते. 1991-92 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. तिथे युरोपची चित्रं डोळे भरून पाहिली. त्यानंतर जे शहर समोर होतं, ते डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींतून गेलेलं.

त्या दिवसांत शटरचा आवाज हीच बातमी असे. एका टोकाच्या दुकानाचं शटर खाली आलं की मिनिटभरात अख्खी गल्ली बंद व्हायची, आणि पोरांना हाका मारून घरात घेतलं जायचं. दोडियांनी शटर रंगवायला घेतलं ते नंतर, 2001 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये भरलेल्या ‘सेंच्युरी सिटी’ या प्रदर्शनाच्या निमित्ताने. त्यातला मुंबईचा विभाग गीता कपूर आणि आशीष राजाध्यक्ष यांनी मांडला होता. मुंबईचं रूपक म्हणून गेट वे किंवा लोकल न घेता चित्रकार शटर घेऊन गेला, ही निवड मला फार नेमकी वाटते. शटर म्हणजे धंदा आणि शटर म्हणजे भीती. दोन्ही एकाच पत्र्यावर.

‘महालक्ष्मी’ हे 2002 चं काम घ्या. शटरवर राजा रविवर्म्याची लक्ष्मी आहे. लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्म्याचा छापखाना होता, आणि त्याच्या छापील देवदेवता घराघरांतल्या देवघरांत आणि दुकानांच्या गल्ल्यांमागे पोचल्या. दोडियांनी ती देवी ऑइल पेंटने, पाटीवाल्या पेंटरच्या रंगात, पत्र्यावर आणली. शटरच्या आडव्या पट्ट्यांमुळे तिच्या चेहऱ्याला नि पदराला खाचा पडतात. हे शटर वर जातं आणि मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. ही कानपूरची घटना, त्या काळी देशभर हळहळ उमटवणारी.

आता शटर चालतं कसं ते पाहा. वरची पट्टी आधी गुंडाळली जाते. म्हणजे देवीचा मुकुट आणि चेहरा आधी नाहीसा होतो, तिचे पाय शेवटपर्यंत समोर राहतात. मागचं चित्र मात्र खालून उघडत जातं आणि मुलींचे गळे सगळ्यात शेवटी दिसतात. ही क्रमवारी शटरच्या यंत्रणेतच आहे. कॅनव्हासवर हाच विषय शेजारी-शेजारी रंगवला असता तर ते एक जळजळीत भाष्य झालं असतं, आपण मान हलवून पुढे गेलो असतो. इथे समृद्धीची देवता बाजूला केल्याशिवाय त्या मुली दिसत नाहीत, आणि देवी परत खाली आली की त्या पुन्हा नाहीशा होतात. ज्या घराने हुंड्याची बोलणी केली त्याच घरात हाच फोटो असतो, हे आपल्यातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

सनमायकावरची त्यांची कामं मला इतकी भिडत नाहीत. मध्यमवर्गी घरातला तो गुळगुळीत पृष्ठभाग ते हुशारीने वापरतात, पण तिथे वस्तू पार्श्वभूमी होऊन बसते. याउलट ‘ब्रोकन ब्रँचेस’. गुजरातच्या 2002 च्या दंगलींनंतर केलेली नऊ लाकडी कपाटं. पोरबंदरला गांधीजींच्या स्मारकातली कपाटं त्यांच्या मनात होती. आत कृत्रिम अवयव, हाडं, हत्यारं, जुने फोटो. आदराने जपून ठेवण्यासाठी केलेल्या कपाटात मोडलेली माणसं ठेवायची, ही कल्पना पाहणाऱ्याला जागच्या जागी थांबवते. 2019 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत भारताच्या दालनात हे काम होतं. गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने सजवलेल्या त्या दालनात गांधीजींच्या गुजरातमधल्या हिंसेची आठवण असणं मला फार गरजेचं वाटतं.

माझी एक तक्रार आहे, आणि ती चित्रकाराविषयी नाही. अशी कामं एकदा संग्रहात गेली की संग्राहक आणि संग्रहालयं त्यांना चित्र म्हणूनच वागवतात. शटर अर्ध्यावर उचलून ठेवायचं, समोर ‘हात लावू नये’ची पाटी लावायची. वर-खाली केल्याने रंग घासला जाईल, पट्ट्यांच्या कडांना पोपडे सुटतील, ही काळजी खरी आहे. पण चित्रकाराने रंगच असा निवडला, जो रस्त्यावर ऊन-पाऊस आणि रोजची दोनदा उघडझाप सोसतो. ठरलेल्या वेळी, दिवसातून एकदा तरी, कर्मचाऱ्याने हे शटर लोकांसमोर पूर्ण उघडावं आणि पूर्ण बंद करावं. रंग उडाला तर उडू द्यावा.