हातीं आलेला क्षण

घटिकापात्राशेजारीं बसलेल्या जोशीबुवांची कल्पना करावी. वाटी पाण्यानें भरून बुडाली म्हणजे चोवीस मिनिटांची घटका संपली. तें पुकारणें एवढेंच त्यांचें काम. समजा, अधिक दक्षिणेच्या आशेनें वाटी बुडाल्यावरहि ते दोन क्षण थांबले. मुहूर्त टळला नाहीं, नियमहि मोडला नाहीं. मग यांत दोष तो कोणता?

प्रश्न जुना खरा, पण निकालांत निघालेला नाहीं. ठाण्याच्या वागळे इस्टेटींत कारखान्यांच्या पाळ्या जोरांत होत्या, तेव्हां पुढील पाळीचा गडी उशिरां आला कीं आधींचा गडी यंत्रापाशीं खोळंबे. एकाचा विलंब दुसऱ्याच्या विश्रांतींतून वजा होई. त्याच वसाहतींत आतां संगणकांच्या कचेऱ्या थाटल्या आहेत. आणि संगणकांच्या सृष्टींतहि 'पाळी' कोणास चुकलेली नाहीं.

'इथेरियम' ही त्या सृष्टींतील एक सामाईक खातेवही. तिला धनी नाहीं. तिच्या प्रती हजारों संगणकांवर आहेत. सप्टेंबर २०२२ पासून तिच्यांत दर १२ सेकंदांस एक पान जोडण्याची पाळी येते. निदान ३२ ईथर अनामत ठेवणाऱ्या प्रमाणकांतून एकाची निवड जणूं चिठ्ठी टाकून होते. तो पान लिहितो, आणि त्या पाळीस नेमलेले इतर प्रमाणक सुमारें चौथ्या सेकंदास आपली साक्ष घालतात. पान आरंभींच यावें, हा संकेत; मधले सेकंद वाटेंतील दिरंगाईसाठीं सोडलेले. परंतु जितकें थांबावें तितके नवे व्यवहार येतात, आणि त्यांचा क्रम लावण्याच्या संधीबद्दलची बोली चढत जाते. म्हणून कांहीं प्रमाणक मुद्दाम थांबतात.

त्यांचा बचाव सरळ आहे: मुदतीच्या आंत जें केलें तें नियमानेंच केलें. पण ती मुदत कोणासाठीं होती? ज्याच्या घरीं साधा संगणक व मंद जोडणी आहे, त्याच्यासाठीं. दुबळ्याची सवलत सबळानें खाल्ली, म्हणजे पान दुबळ्यापर्यंत वेळेवर पोंचत नाहीं, त्याची साक्ष चुकते व तिच्या मोबदल्याचा कांहीं भाग बुडतो. पुढचा लेखक वेळेवर लिहूं म्हणेल, तर त्याच्या वांट्याचे सेकंद आधींच खर्चीं पडलेले असतात. म्हणून तोहि थांबूं लागतो. मुदत आंखडून घ्यावी, तर पहिला फटका पुन्हां त्या दुबळ्यासच.

शिवाय हा दोष सिद्ध करणें कठीण. पान वाटेंत अडकलें, कीं हातांत धरून ठेविलें, हें निर्विवाद सांगणारें सर्वांचें एक घड्याळ तेथें नाहीं. जेथें साक्षीदार नाहीं, तेथें नियमाची हद्द संपते आणि सदसद्विवेकाची सुरू होते. आम्हांस वाटतें, पाळीनें हातीं आलेला क्षण ही ठेव आहे, मिळकत नव्हे. ठेवीवर गुपचूप व्याज खाणाऱ्यास आपण प्रामाणिक म्हणत नाहीं, मग मुद्दल परत मिळालेलें असो.

जोशीबुवांचे ते दोन क्षण निरुपद्रवी दिसले खरे. पण वाटी पुन्हां पाण्यावर ठेवतांना पुढची घटका त्या विलंबापासूनच मोजली जाते, आणि पुढचा मुहूर्त दुसऱ्याच कोणाच्या घरचा असतो.